पट्ट्यावरची चार भोकं

बूटवाल्या काकांच्या दुकानात गिऱ्हाईक आपला नंबर सांगू लागलं की काका त्याला मध्येच थांबवत. "नंबर राहू द्या, पाय दाखवा." मग ते त्याला कोऱ्या कागदावर उभं करून पायाभोवती पेन्सिलीची रेघ ओढत. एकदा एक चष्मेवाले गृहस्थ बायकोसाठी सँडल घ्यायला एकटेच आले आणि म्हणाले, "माझा सात आहे, तिचाही सातच धरा."

"साहेब, पुरुषांचा सात वेगळा आणि बायकांचा सात वेगळा," काका म्हणाले. "आकडा तोच, पाय तो नव्हे. त्यांना घेऊन या, नाहीतर ती सँडल तुमच्याच डोक्यात बसायची."

गृहस्थ हसत परत गेले. मंडळी, एवढा जाणता माणूस आपल्याच घरात माप कसा चुकला, ते सांगायला बसलो आहे.

घर दुकानाच्या मागेच होतं. काका-काकूंना मधुमेह निघाला तो एकाच आठवड्यात, अकरा वर्षांपूर्वी. पण घरात पेशंट झाले ते फक्त काका. काकूंनी त्यांच्यासाठी जाड पुठ्ठ्याची फाईल आणली. दर तीन महिन्यांनी त्या काकांना दवाखान्यात अक्षरशः ओढत न्यायच्या. रक्त झालं, डोळे झाले, वर्षातून एकदा किडनीसाठी लघवीची तपासणीही झाली. स्वतः काकू बाकावर बसायच्या, मांडीवर पर्स आणि पर्सवर फाईल. डॉक्टरांनी "आणि तुमचं काय?" म्हणून विचारलं, की त्या म्हणायच्या, "मला काय धाड भरलीये? यांच्याकडे बघा, हे चोरून गोड खातात." सगळे हसायचे, काकाही हसायचे. काकू गोळ्या घ्यायच्या, पण तपासणी म्हटली की त्यांना हमखास घरातलं काम आठवायचं.

मधुमेह निघाल्यानंतर एकदाच काय ते त्यांचं रक्त तपासलं गेलं. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तेव्हा. त्या कागदावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, एक पूर्णांक तीन आलं होतं आणि खाली पेनाने लिहिलं होतं, 'लघवी तपासून पुन्हा दाखवा.' काकांनी आपली फाईल उघडून पाहिली. त्यांचाही आकडा एक पूर्णांक तीन होता.

"अगं, माझंही एवढंच आहे आणि डॉक्टर मला म्हणतात, किडनीची काळजी नको. तुला कशाला पुन्हा हेलपाटा?"

काकूंना तेवढंच निमित्त हवं होतं. तो कागद काकांच्याच फाईलच्या मागच्या कप्प्यात गेला.

पुढे काकूंच्या सँडलचा पट्टा घट्ट होऊ लागला. "अहो, एक भोक पाडून द्या की," म्हणत त्या मधल्या दारातून सँडल पुढे करायच्या. काका आरी उचलायचे, पट्ट्याच्या टोकाकडे एक भोक पाडायचे आणि वर म्हणायचे, "वय झालं की पाय पसरायचेच." दोन वर्षांत तीन भोकं पडली. साऱ्या गावाचे पाय निरखणाऱ्या या माणसाने त्या पायांना एकदाही कागदावर उभं केलं नाही.

चौथं भोक पडलं त्या दुपारी दुकानात सिस्टर आल्या होत्या. त्या मोठ्या हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात कामाला होत्या, बुटांचे तळवे बदलून घ्यायला आल्या होत्या. मेजावरची सँडल उचलून त्यांनी पट्ट्यावर बोट फिरवलं.

"ही कुणाची, काका?"

"आमच्या हिची."

"आणि ही भोकं? कारखान्यातली तीन, मग पुढची चार?"

"मीच पाडली. पाय जरा भरलेत."

सिस्टरनी काकूंना बाहेर बोलावून स्टुलावर बसवलं आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. काकू म्हणाल्या, "काही दुखत नाही हो."

"दुखत नाही, तोच तर घोटाळा आहे," सिस्टर म्हणाल्या. "उद्या सकाळी या. यांची फाईल घेऊन या."

काकूंची फाईल नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. दोन्ही किडन्या मिळून दहा टक्केही काम करत नव्हत्या. काकांनी घाईघाईने मागच्या कप्प्यातला तो जुना कागद काढून सिस्टरपुढे धरला. "पण हे बघा ना, तेव्हा तर चांगलं होतं. माझ्याइतकंच होतं."

सिस्टरनी आकडा आणि खालची पेनाची ओळ वाचली. "काका, हा आकडा अंगातल्या स्नायूंवरही ठरतो. तुमचं अंग दणकट, काकू मूठभर. एवढ्याशा शरीरात हा आकडा म्हणजे किडनी तेव्हाच निम्म्यावर आली होती. तेव्हा लघवी तपासली असती तर गोळ्यांनी बरीच वर्षं हाती लागली असती." मग त्या हळूच म्हणाल्या, "पुरुषाचा सात आणि बाईचा सात एक नव्हे, हे तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

अरे देवा! काकांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"माझी किडनी घ्या," ते म्हणाले.

"मधुमेह्याची घेता येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आमच्याकडे नवऱ्याला किडनी देणाऱ्या बायका मी मोजायच्या सोडून दिल्या. बायकोला देणारा नवरा क्वचित येतो. तुम्ही आलात, पण काका, फार उशिरा आलात."

काकूंचं हृदयही दमलेलं निघालं, त्यामुळे दुसऱ्या कुणाची किडनी बसवण्याचाही मार्ग बंद झाला. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. बाकावर काका बसतात, मांडीवर पर्स आणि पर्सवर फाईल. फाईल नवी आहे, काकूंची एकटीची. तिचं पहिलंच पान डायलिसिसचं आहे.

अंगातलं पाणी निघाल्यावर पायांची सूज उतरली. पट्टा चौथ्या भोकावरून मागे सरकत सरकत कारखान्यातल्या पहिल्या भोकावर आला. "बघा, पाय लग्नातल्यासारखे झाले," काकू म्हणाल्या. काकांनी मान हलवली. पाणी गेलं होतं, किडनी परत आली नव्हती, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात ते चष्मेवाले गृहस्थ पुन्हा आले, या वेळी बायकोला घेऊन. काकांनी बाईंचं माप घेतलं आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून पाहिला.

"घरात साखर कुणाला आहे?"

"दोघांनाही," गृहस्थ म्हणाले. "पण माझी तपासणी अगदी वेळच्या वेळी असते. ही फार काटेकोर आहे त्या बाबतीत."

"आणि यांची?"

बाई हसून म्हणाल्या, "मला काय धाड भरलीये?"

काकांच्या हातातली पेन्सिल थांबली. "ताई, सँडल नंतर देतो," ते म्हणाले. "आधी रक्त आणि लघवी तपासून या आणि रिपोर्ट स्वतःच्या फाईलमध्ये लावून या. साहेब, तुम्ही सोबत जा. आणि आकडा आला की तो तुमच्या आकड्याशी ताडून पाहू नका. मी पाहिला होता."

बाई गेल्या की नाही, काकांना अजून कळलेलं नाही. ती सँडल तयार होऊन फळीवर पडून आहे.

मंडळी, आपल्यापैकी किती घरांत मधुमेह दोघांना आणि फाईल एकाचीच असते! जी बाई सगळ्यांच्या तपासणीच्या तारखा लक्षात ठेवते, तिची तारीख लक्षात ठेवणारं घरात कुणी असावं लागतं. काकूंच्या घरात ते माणूस होतं, पण त्याला फार उशिरा आठवलं. आज घरी गेलात की फायली मोजा.