लाल ग्रीस

माझ्या गाडीखाली माझ्याशिवाय कुणी शिरलेलं मला चालत नाही. पस्तीस वर्षं ट्रक चालवला, एकदाही गॅरेजमध्ये नुसत्या ऑईलसाठी नेला नाही. ऑईल मी बदलतो, फिल्टर मी बसवतो, स्टिअरिंगच्या सांध्यांना ग्रीस मीच देतो. आता गाडी माझी धाकटी लेक चालवते, पण देखभाल माझीच. ट्रकला आम्ही म्हातारी म्हणतो. बायको विचारते, नक्की कुणाबद्दल बोलताय.

त्या रविवारी सकाळी मी अंगणात पोतं अंथरून म्हातारीखाली आडवा झालो होतो. ऑईल आदल्या दिवशीच बदललं होतं. राहिलं होतं फक्त ग्रीस. पुढचा एक्सल जॅकवर उचललेला. चाकं अधांतरी असली की ग्रीस सांध्यात नीट शिरतं, हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकलो. जेवण करून धाकटी माल घेऊन घाटात जाणार होती.

उजव्या चाकापाशी सांध्याला एक छोटी बोंडी असते, तिला निपल म्हणतात. तिच्यावर ग्रीस गनचं तोंड बसवायचं आणि दांडा दाबायचा. आधी ती पुसून घ्यायची, नाहीतर माती आत जाते. मी पुसली. चिंधी लाल झाली.

माझं ग्रीस तपकिरी. आयुष्यभर तपकिरीच. सांध्याच्या कडेला बोट फिरवलं, तिथेही लालच आलेलं. माझं डोकंच फिरलं.

चिंधी घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेलो. बायको भाजी चिरत होती, धाकटी पाण्याचा कॅन भरत होती.

"माझ्या गाडीखाली कोण शिरलं होतं?"

बायकोने सुरी थांबवली नाही. धाकटीने मात्र नळ बंद केला.

"मी, बाबा."

"कधी?"

"चार महिने झाले. तुम्ही ग्रीस दिलंत की वाटेत कुठेतरी थांबून मी परत देते. मागच्या खेपेला तुमचं तपकिरी मिळालं नाही."

"का? माझ्या हाताला काय रोग झालाय?"

तिने कॅनचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "उजवीकडे वळताना स्टिअरिंग जड लागायचं. खाली वाकून बघितलं तर निपलच्या भोवती ग्रीसचा गोळा आणि सांधा आतून कोरडा. गनचं तोंड निपलवर बसतच नव्हतं. तुम्हाला कळलं नव्हतं."

मी ताडताड बोलत सुटलो. कालची पोर मला शिकवते, चाक कुठल्या बाजूला फिरतं ते मी दाखवलं हिला, वगैरे वगैरे. बायकोने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणून चार महिने बनियनवर फिरताय होय? मला आपलं वाटलं, उकडतंय. थंडीतसुद्धा."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

खरं ते सांगतो. बोटं मेली होती. आधी टोकं, मग पेरं. पस्तीस वर्षं स्टिअरिंगची थरथर हातात घेतली, तिने झालं असेल हे, का आणखी कशाने, मला माहीत नाही. शर्टाचं बटण बोटात आहे की नाही ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पाना हातातून गेला असता, आणि पाना गेला की मी घरातला नुसता एक खुर्ची अडवणारा माणूस. ही भीती होती. दुसरं काही नाही.

बसल्या बसल्या एकदम आठवलं. ग्रीसचं कळलं नाही, तर कालच्या प्लगचं काय?

इंजिनाच्या खाली ऑईल सोडायचा प्लग असतो. कमी आवळला तर हादऱ्याने सुटतो, जास्त आवळला तर आटे जातात. किती आवळायचा ते मी नेहमी बोटांना विचारत आलो. काल कुणाला विचारलं होतं?

धाकटी बाहेर आली तेव्हा विचारलं, "ऑईलचा प्लगही तू परत आवळतेस का?"

"नाही. त्याला मी कधी हात लावला नाही," ती म्हणाली. "त्यात तुम्ही चुकत नाही."

एवढं ऐकून गप्प बसता आलं असतं. बसावंसं वाटलंही. खाली एक थेंब पडलेला नव्हता. पण समोर पोर उभी होती आणि तिच्यापुढे घाट होता.

"पाना घे," मी म्हटलं. "माझ्या बोटांना काही लागत नाही आता. प्लग बघ."

ती पाना घेऊन खाली गेली. मी शेजारी गुडघ्यांवर बसलो. पाना टेकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

"फिरतोय, बाबा."

"किती?"

"अर्धा फेरा. सहज."

मी हात टेकून गाडीखाली डोकं घातलं.

"आता कुठे थांबू?" तिने विचारलं.

हे मी कधी शब्दात सांगितलेलं नव्हतं. "नळ बंद करताना पाणी थांबतं ना, तिथे पोच," मी म्हटलं. "पोचलीस? आता त्याच्या पुढे अगदी थोडं. मनगटाने, खांद्याने नको. पाना नको म्हणायला लागला की सोड."

"नको म्हणाला."

"मग सोड."

उजव्या निपलवर गन तिनेच बसवली. मी दांडा दाबला. सांध्यातून आधी लाल बाहेर आलं, मग हळूहळू तपकिरी.

जेवण करून ती निघाली. फाटकातून उजवीकडे वळताना तिने एका हाताने स्टिअरिंग फिरवलं आणि मला दिसावं म्हणून दुसरा हात खिडकीबाहेर काढून दाखवला. मी ओरडलो, दोन्ही हातांनी धर.

घरात आलो, कपाटातून शर्ट काढला, अंगात घातला आणि स्वयंपाकघरात बायकोसमोर जाऊन उभा राहिलो.

"बटणं लाव जरा."

एरवी हिने दहा टोमणे मारले असते. त्या दिवशी खालपासून एकेक बटण लावत वर आली. गळ्याचं बटण लावताना म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचंय."

मी हो म्हटलं.