खूण सांगा

सकाळी सव्वासातला सरकारांचा पहिला हुकूम सुटला: मोडलेलं केळं जोडून द्या.

आता मोडलेलं केळं कधी जोडता येतं का? पण हे सरकारांना सांगणार कोण! सरकार म्हणजे सव्वाचार वर्षांची, तीन फुटांची, बारा महिने लाल गमबूट घालून फिरणारी मुलगी. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण आईनं एकदा वैतागून "हो, सरकार!" म्हटलं आणि तेच चिकटलं. तर सरकारांनी केळ्याचे दोन तुकडे दोन हातांत धरून भोकाड पसरलं. आईनं मुकाट्यानं दुसरं केळं काढलं, तर ते आईनं सोललं म्हणून बाद. तिसरं सरकारांनी स्वतः सोललं, एक घास खाल्ला आणि "पोट भरलं" म्हणून ठेवून दिलं. आईनं तिन्ही केळी खाल्ली. झाला तिचा नाश्ता.

तिला हसू आलं. पण हसून बघायचं कोणाकडे? घरात तिसरं माणूस नाही. असं काही झालं की ती अजून सवयीनं मान वळवायची, आणि मग भांडी शोधत असल्यासारखं करायची. मोठ्या माणसाशी शेवटचं धड बोलणं कधी झालं, हे तिला आठवून सांगावं लागलं असतं.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत राहायचं, मागच्या खोलीत काम. ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यांतून पेशंटच्या तोंडाची मापं यायची. त्यांत ती प्लास्टर ओतून जबडे काढायची, त्यांवर मेणात एकेक दात बसवायची, पेशंटनं घालून बघितले की पक्की कवळी करायची, घासून चकाकी आणायची आणि डबीत घालून पाठवायची. भिंतीवरच्या फळीवर पंचवीस-तीस जबडे ओळीनं मांडलेले. दिवसभर नुसती तोंडंच तोंडं, आणि बोलणारं एक नाही. पेशंट तर तिला कधी दिसायचेच नाहीत. पण नऊ वर्षांत तिच्या हातची एक कवळी टोचते म्हणून परत आली नव्हती. हा तिचा तोरा होता, आणि तोरा मिरवण्यासारखं दुसरं काही तिच्याकडे उरलंही नव्हतं.

नवऱ्याचं घर सोडून ती निघाली तेव्हा सरकार पोटात होत्या. ती वडिलांकडे आली. वडील दारातच म्हणाले, "परत जा."

"नाही जाणार."

"मग इथेही येऊ नकोस."

"नाही येणार."

संपलं! दोघांची मिळून चार वाक्यं, आणि त्यांवर पावणेपाच वर्षं निघून गेली. वडील शाळेत कवायत शिकवायचे. गळ्यात शिट्टी, ताठ मान, आणि एकदा दिलेला हुकूम मागे घ्यायचा नाही म्हणजे नाही. लेक तरी कोणाची? तिनंही शब्द पाळला. मध्ये पडून काही जुळवायला तिची आई असती तर गोष्ट वेगळी, पण आई त्याआधीच गेलेली. बसनं चार थांब्यांवर वडिलांचं घर, आणि नात कशी दिसते हे त्यांना ठाऊक नाही. चूक कोणाची? दोघांची म्हणा. पण आधी कोण म्हणणार, तिथंच सगळं अडलेलं.

आणि महिन्यापूर्वी एक माप आलं. चिठ्ठीवर नाव नव्हतं, फक्त नंबर, आणि खाली: पुरुष, वय एकाहत्तर, वरची पूर्ण कवळी. खालचे दात शाबूत होते, त्यांचंही माप सोबत होतं. तिनं प्लास्टर ओतलं, सुकल्यावर साचा सोडवला, खालचा जबडा हातात घेतला आणि तिची दातखिळीच बसली. समोरच्या एका दाताला वर बारीक खाच होती. चौतीस वर्षं त्याच जागी शिट्टी धरली की दात असाच झिजतो.

ती स्टुलावर बसली. वरचे सगळे काढले, म्हणजे किती दुखलं असेल? सोबत कोणी गेलं असेल का? मऊसर काही करून कोणी घातलं असेल? जबडा तिनं ओंजळीत धरला होता. गेल्या कित्येक वर्षांत वडिलांच्या इतकं जवळ ती गेली नव्हती, आणि तेही प्लास्टरच्या. तिला रडू कोसळलं. सरकार दारात येऊन म्हणाल्या, "आई, रडायचं असेल तर कोपऱ्यात जाऊन रड. बालवाडीत तसंच असतं."

उठून दवाखान्यात जावं, "हे माझे वडील" म्हणावं, एवढं सोपं होतं. नाही गेली. मात्र दात बसवताना एक केलं. वडिलांचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला असायचा. ते हसले तरच दिसायचा, आणि ते हसायचे क्वचित, म्हणूनच तिच्या पक्का लक्षात राहिलेला. मेणात तिनं तो तसाच चढवला. मेणातले दात घालून बघायचा दिवस झाल्यावर दवाखान्याचे कंपाउंडर काका आले. ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काय म्हणाले पेशंट?"

"आरशात बघत बसले की हो. मग विचारलं, हे बनवतं कोण? मी म्हटलं, आहेत एक बाई."

"मग?"

"मग काय? आरसा दिला परत आणि गेले."

त्या दिवसापासून तिनं वाट बघायला सुरुवात केली. कबूल कोणाकडे करणार? पण दारावरची घंटा वाजली की आधी केसांवरून हात फिरवायची. येत मात्र होता गॅसवाला, नाहीतर पाण्याचं बिल.

इकडे बालवाडीतल्या बाईंनी एक टोपली ठेवली होती. हरवलेलं सामान तिच्यात. नियम असा की ज्याची वस्तू त्यानंच येऊन न्यायची, आणि नेण्याआधी खूण सांगायची. आता एवढा आयता कायदा सरकारांच्या हाती लागला म्हटल्यावर बघायलाच नको! शेजारच्या काकूंचं पाकीट चुकून यांच्याकडे आलं, ते न्यायला त्यांचे यजमान आले, तर सरकारांनी ते पाठीमागे लपवलं. "तुम्ही काकू आहात का?" बिचारे यजमान घरी गेले आणि पोळपाट सोडून काकूंना यावं लागलं. "पाकिटाची खूण सांगा." काकूंनी सांगितली, तेव्हा कुठे सुटका झाली. हसू दाबताना आईच्या नाकी नऊ आले. काकू मात्र हसल्या नाहीत, दार लावून घेतलं.

तर केळ्याच्या त्या सकाळी कवळी तयार होती. धुऊन, ओल्या कापसात ठेवून तिनं डबी बंद केली. सरकार बिस्कीट खात बघत होत्या.

"हे कोणाचे दात?"

रोज ती "एका आजोबांचे" म्हणायची. आज तोंडून निघून गेलं, "तुझ्या आजोबांचे."

"मला आजोबा आहेत?"

"आहेत."

"मग ते येत का नाहीत?"

"रागावलेत."

"तू सॉरी म्हण."

"मी नाही म्हणणार."

"मग ते म्हणतील."

"ते? ते तर मुळीच नाहीत."

सरकारांनी उरलेल्या अर्ध्या बिस्किटाकडे बघत विचार केला. "मग दात त्यांनीच न्यायला यायचं. नियम आहे."

"बरं बरं," म्हणून आई दुधाकडे धावली, कारण ते वर आलं होतं. इथंच चुकलं. सरकारांसमोर "बरं" म्हणणं म्हणजे सही करून देणं. कंपाउंडर काका आले, डबी घेतली आणि गेले. सरकारांनी आज बालवाडीत जायलाही नकार दिला, कारण म्हणे काम आहे. आईनं हात टेकले.

अकराला दवाखान्यातून फोन आला. "ताई," डॉक्टर म्हणाले, "पेशंट खुर्चीत आ करून बसलेत, आणि डबीत अर्धं बिस्कीट आहे."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. फोनवर हात ठेवून तिनं विचारलं, "दात कुठे आहेत?"

"सांगणार नाही."

"सरकार, लाड पुरे! कुठे आहेत?"

"ज्याचे आहेत त्यांनाच देणार. तू बरं म्हणालीस!"

तिनं उशा उचलल्या, खेळण्यांचा डबा उपडा केला, पिठात हात घालून पाहिला. फोनवर मागे कोणीतरी मोठ्यानं बोलत होतं. दातांविना शब्द सैल पडत होते, पण आवाजातली जरब जागच्या जागी होती. तिनं आवाज ओळखला आणि पलंगाच्या कडेवर बसली.

डॉक्टर परत फोनवर आले. "ताई, पेशंट फार चिडलेत. म्हणतात, पत्ता द्या, मी स्वतः जातो. देऊ का?"

आता सगळं तिच्या एका शब्दावर आलं. "नको, मी शोधून पाठवते" म्हटलं असतं, तर शोधले असते. एवढंसं घर, मिळाले असते. पण वडील आले आणि दारात तिला बघून पाठ फिरवली तर? फळीवरचे जबडे तरी पाठ फिरवत नव्हते. आज वडिलांनी पाठ फिरवली असती, तर पुढे वाट बघण्यासारखंही काही उरणार नव्हतं.

"द्या," ती म्हणाली.

पाऊण तास लागला. घंटा वाजली. दार उघडायचा मान सरकारांचा, त्यामुळे आधी गमबूट धावले. दारात उंच, ताठ म्हातारा. तोंडावर रुमाल, हातात डबी. आई मागच्या खोलीच्या उंबऱ्यातच थांबली.

"काय हरवलंय तुमचं?" सरकारांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं खाली पाहिलं. मग वर, मुलीच्या डोक्यावरून, सरळ उंबऱ्याकडे पाहिलं. खाली जिन्यात कोणीतरी बादली आपटली.

"काय हरवलंय?" सरकार ओरडल्या.

"दात," रुमालाआडून उत्तर आलं.

"खूण सांगा."

आजवर या माणसाला कोणी खूण विचारली नसेल! त्यांनी उंबऱ्यावरची नजर काढली नाही. "पुढचा एक, शेजारच्यावर चढलेला आहे," ते म्हणाले. "पूर्वी होता तसा."

सरकार जमिनीवर बसल्या, उजवा गमबूट काढला, आत हात घालून कवळी बाहेर काढली आणि उजेडात धरून तपासली. "बरोबर आहे. या आत."

ते आत आले. डबी उघडून म्हणाले, "हे कोणाचं?"

"माझं!"

"खूण सांग."

"मी चावलंय!"

"बरोबर आहे," म्हणून त्यांनी बिस्कीट परत दिलं. दोघांनी हनुवट्या सारख्याच पुढे काढल्या होत्या. ते बघून आईला हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले.

तिनं कवळी साबणानं दोनदा धुतली, कारण गमबूट तो गमबूटच. स्टुलाकडे हात केला. वडील बसले, पाठ फिरवून त्यांनी कवळी घातली. वळले तेव्हा चेहरा भरला होता, तो पूर्वीचा झाला होता. तिला "बाबा" म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते रोजचं, कामाचं:

"चावून बघा. आता आ करा. कुठे टोचतंय?"

त्यांनी चावून पाहिलं. जीभ सगळीकडून फिरवली. तिला माहीत होतं, कुठेही टोचत नाही. इतकी चपखल बसलेली कवळी तिनं उभ्या आयुष्यात केली नव्हती. आता ते "ठीक आहे" म्हणतील, उठतील, जातील. दात मिळाले, काम संपलं. यायला दुसरं निमित्त नाही. तिनं पंच्याच्या टोकाला घट्ट पीळ घातला.

वडील खोलीकडे बघत होते. फळीवरचे जबडे, एकच ताट, एकच वाटी, दोन चमचे, खुंटीवर छोटा कोट. मग त्यांनी उजव्या गालावर बोट ठेवलं.

"इथे टोचतंय."

तिनं कवळी काढायला लावली, आतून गुलाबी लेप लावला, पुन्हा बसवली, पुन्हा काढली. घासत असेल तिथला लेप पुसला जातो. लेप सगळीकडे अखंड होता. दोघांनीही तो पाहिला. कवायतीच्या मास्तरांनी नजर खाली वळवली.

"हो," ती म्हणाली. "टोचतंय खरं. पण एकदम नाही घासता येत, बाबा. दर आठवड्याला थोडं थोडं घासावं लागेल."

"किती आठवडे?"

"सांगता येत नाही."

"बरं," ते म्हणाले.

"बुधवारी या," सरकार बिस्कीट चघळत म्हणाल्या. "पण दार मीच उघडणार."

ते गेल्यावर जिन्यावरची पावलं अगदी खालपर्यंत ऐकू आली. ती उंबऱ्यावर बसून राहिली. सरकार तिच्या मांडीत येऊन बसल्या, एका पायात बूट, एक पाय उघडा.

"आई, त्यांना टोचलं म्हणजे तू दात नीट नाही केलेस."

नऊ वर्षांत तिच्या कामाला कोणी असं म्हटलं नव्हतं.

"नाही गं," ती म्हणाली आणि लेकीच्या केसांत तोंड लपवून हुंदके देत रडली. "नाही जमले मला नीट."