कोरड्या घरातले फोटो

गळक्या इमारतीसाठी आम्ही बिल्डरवर दावा लावला, तेव्हा दहा घरांना त्यातून कोरड्या भिंती मिळणार होत्या. अकरावं घर चौकशीबाईंचं. ते मुळातच कोरडं होतं. त्यांना मिळणार होतं ते वेगळंच: शेजाऱ्यांची कपाटं उघडायचा कायदेशीर हक्क.

"सगळं काढा," माझ्या दारात उभ्या राहून त्या सांगत होत्या. "पावत्या, पत्रं, फोटो, मोबाइलमधले मेसेज. वकीलबाईंनी मागितलंय."

"मेसेजसुद्धा?"

"गळतीचे तेवढेच. बाकीचे मी बघणार नाही." एवढं म्हणून त्या चपला काढून आत आल्या आणि बाकीचे बघत बसल्या.

हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर बसून त्यांची नोकरी संपली, म्हणून हे नाव. तिथे लोक त्यांना प्रश्न विचारायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी वसुली सुरू केली. सेक्रेटरीपद दुसऱ्या कुणाला नको होतं, ते त्यांनी हसत घेतलं.

वकीलबाई वयाने लहान आणि बोलायला रोखठोक. पहिल्याच बैठकीत त्यांनी बजावलं होतं, "दोन्ही बाजूंना आपापले कागद समोरच्याला द्यावे लागतात. बिल्डर त्याचे देईल, आपण आपले. सोयीचे तेही आणि अडचणीचे तेही. शेवटी सेक्रेटरी प्रतिज्ञापत्रावर सही करतील, की आम्ही काही मागे ठेवलेलं नाही."

'अडचणीचे' म्हटल्यावर चौकशीबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

मग पुढचे काही आठवडे त्यांच्यासारखं सुखी माणूस इमारतीत नव्हतं. परदेशी फरशीचा तोरा मिरवणाऱ्या गृहस्थांकडे त्या फरशीची पावती निघाली: दुय्यम माल, परत घेतला जाणार नाही. 'बिल्डरला असा झापला, असा झापला' म्हणत हिंडणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या पैलवानाचं प्रत्येक पत्र 'तसदीबद्दल क्षमस्व' असं संपत होतं. हे सगळं आम्हाला जिन्यात, दबक्या आवाजात, हावभावांसकट ऐकायला मिळालं. माझं काय निघालं ते बाकीच्यांना मिळालं असणार.

एकच गोष्ट त्यांनी जिन्यात आणली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दर महिन्याला भिंतीवरच्या एकाच डागाचा फोटो काढला होता, शेजारी फूटपट्टी धरून. पट्टी आजींच्या हातात. फोटोगणिक डाग वाढत गेला होता आणि हात बारीक होत गेला होता. शेवटच्या काही फोटोंत पट्टी चिकटपट्टीने भिंतीला लावलेली होती. ते फोटो मला आजोबांनीच दाखवले. "द्यायला जिवावर आलं होतं," ते म्हणाले. "पण बाई काही न बोलता बसून राहिल्या. मग दिले."

दाव्यातली सगळ्यात मोठी मागणी टेलरबाईंची होती. त्या चौकशीबाईंच्या बरोबर खाली राहायच्या. आमची इमारत पायऱ्यांसारखी मागे सरकत गेलेली आहे. वरच्याची बाल्कनी म्हणजे खालच्याच्या खोलीचं छत. टेलरबाईंचं मशीन आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं कपाट नेमकं त्या खोलीत. एका नवरीचा शिवून तयार झालेला पोशाख त्यात बुरशीने गेला होता, आणि त्याच्या आधी-नंतर बरंच काही. रोज दुपारी चौकशीबाई खाली चहाला जायच्या. टेलरबाई हातशिलाई करायच्या आणि चौकशीबाई पिवळ्या छताकडे बघत बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

सगळ्यात शेवटी राहिलं चौकशीबाईंचं स्वतःचं घर.

"आपलं कशाला काढतेस?" यजमान पेपरामागून म्हणाले. "आपल्याकडे कुठे ओल आहे?"

"असू दे. सही माझी आहे."

पेटीतून मुलीचे दोन फोटो निघाले, दोन्ही बाल्कनीतले. पहिला घर ताब्यात मिळाल्याच्या दिवशीचा: मुलगी अनवाणी, आणि तिच्या पावलाजवळ कोपऱ्यात पाणी जायचं जाळीचं भोक. दुसरा ती शिकायला परगावी निघाली तेव्हाचा: पायाशी बॅग, खाली नवीन चकचकीत फरशी. कोपरा तोच. भोक नाही.

"अहो, इथलं भोक कुठे गेलं?"

"कुठलं?"

"पाणी जायचं."

"ते होय! झुरळं यायची त्यातून. फरशीवाला म्हणाला, बुजवू का? म्हटलं, बुजव."

"मग तुम्ही रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालून बाल्कनी धुता, ते पाणी जातं कुठे?"

यजमानांनी पेपर खाली घेतला. बिल्डरविरुद्ध अहवाल लिहिणाऱ्या इंजिनियरने टेलरबाईंचं छत खालून तपासलं होतं. वरच्या कोरड्या घरात डोकावायची गरज त्याला वाटली नव्हती. चौकशीबाईंनाही नाही.

त्या दोन्ही फोटो घेऊन खाली गेल्या. टेलरबाईंनी मशीन थांबवलं, फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि मान वर करून छताकडे बघितलं.

"म्हणजे ताई, इतकी वर्षं तुमच्या बाल्कनीचं धुवण माझ्या कपाटात उतरतंय."

"मला खरंच माहीत नव्हतं गं."

"तुम्हाला? पहिल्या मजल्यावरच्यांनी मिक्सर घेतला तर दुकानदाराच्या आधी तुम्हाला कळतं! आणि तुमच्या पायाखालचं तेवढं माहीत नव्हतं?"

चौकशीबाई म्हणाल्या, "हे मला वकीलबाईंना द्यावं लागणार."

"आणि माझी मागणी?"

"खोलीची जाईल बहुतेक."

"मग नका देऊ." टेलरबाईंनी फोटो त्यांच्या हातात परत कोंबले. "स्पष्ट सांगते. बिल्डरकडे पैसा आहे, तुमच्याकडे नाही. तुमचं मन हलकं होणार आणि माझी खोली ओलीच राहणार. असलं खरं बोलणं काय कामाचं? पेटीत होते, पेटीत ठेवा. कोण बघायला येतंय?"

"कोणी नाही."

"मग?"

"आजोबांकडून मी आजींच्या हाताचे फोटो आणले. त्यांनी कसे दिले असतील? आता माझे मी दडवू?"

टेलरबाईंनी दोरा तोडला, सुईत पुन्हा ओवला. "आजोबांनी दिलं ते स्वतःचं दिलं, ताई. तुम्ही देताय ते माझं."

"खोली मी नीट करून देईन," एवढंच चौकशीबाई म्हणाल्या.

"कशातून?"

"मुलीकडे जायला साठवलेत, त्यातून."

टेलरबाईंनी मशीन सुरू केलं. त्या आवाजात पुढे काही बोलता येण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी चहा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो वकीलबाईंच्या टेबलावर गेले. त्या डोकं धरून बसल्या, मग म्हणाल्या, "दिलेत ते बरं केलंत. नंतर निघाले असते तर सगळ्यांचं बुडालं असतं." समोरच्या वकिलाने तडजोडीच्या बैठकीत तो अनवाणी पावलाचा फोटो एवढा मोठा करून आणला, की मुलीच्या पायाची नखं मोजता यावीत. टेलरबाईंच्या नावावर तिथल्या तिथे काट बसली. टेलरबाई सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

तर कोणी काय भरलं, ते असं. नऊ घरांच्या भिंती बिल्डरने भरून दिल्या, म्हणजे त्याच्या विमा कंपनीने. तो स्वतः बैठकीला आलाही नाही. बाल्कनीची फरशी यजमानांनी स्वतः छिन्नी घेऊन उखडली आणि त्यांची कंबर त्यात कामातून गेली. टेलरबाईंचं छत, रंग, नवीन कपाट हे चौकशीबाईंनी भरलं. मुलगी फोनवर म्हणाली, "तुम्ही नका दगदग करू, यंदा मीच येते." तिला रजा मिळाली नाही.

राहिले गिऱ्हाइकांचे गेलेले कपडे. त्याचे पैसे पाकिटात घालून चौकशीबाई खाली गेल्या. टेलरबाईंनी दार अर्धं उघडलं. मागे नवं पांढरं छत दिसत होतं.

"ते मी भागवलं," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

किती झाले, हे मात्र चौकशीबाईंनी विचारलं नाही.