शिळं पाणी

काशम्मा बालवाडीतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांनी बैठकीत तीन फुटी काचेची टाकी आणली आणि तिच्यात सात गोल्डफिश सोडले. सोलापुरात त्यांच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं, आणि यायचं तेव्हा औषधाच्या वासानं नाक झोंबायचं. ते पाणी माशांना थेट चालत नाही, हे पहिल्याच महिन्यात दोन मासे गमावून त्यांना कळलं. तेव्हापासून मोरीतला एक ड्रम माशांचा झाला. पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं, वास उडाला की टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढून तेवढंच नवं घालायचं. सहा वर्षं हे चाललं. उरलेले पाच मासे तळहाताएवढे झाले.

मुलगा महेश्वर पुण्याला होता. आईनं घर बंद करून आपल्याकडे यावं, हा त्याचा हट्ट. काशम्मा म्हणायच्या, "मला हितं काय कमी आहे? माझं मी सगळं करते की."

मे महिन्यात तो आणि सून सिद्धेश्वरी चार दिवसांसाठी आले. एका दुपारी मायलेक मोडनिंबला लग्नाला गेले. डोकं दुखतं म्हणून सिद्धेश्वरी घरीच राहिली. संध्याकाळी महेश्वरनं आईला फाटकाशी सोडलं आणि तो तसाच मित्राकडे गेला.

काशम्मा आत आल्या तेव्हा टाकी नव्यासारखी चकचकत होती. पाचही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. एक आडवा झाला होता.

"आई, नळ आला होता," सिद्धेश्वरी दारात उभी राहून म्हणाली. "म्हटलं सगळं पाणी बदलावं. वास येत होता. खडे, स्पंज, सगळं धुतलं. आणि हे असं करायला लागले."

"ड्रममधलं पाणी?"

"ते शिळं होतं ना. त्यात कपडे भिजवले."

काशम्मांनी क्लोरीन मारायच्या थेंबांची बाटली टाकीत उपडी केली. हंडाभर पिण्याचं पाणी होतं, तेही ओतलं. हात बुडवून पाणी ढवळत बसल्या. माशांचे कल्ले लालभडक झाले होते. तासाभरात तीन गेले, जेवणाआधी उरलेले दोन.

सिद्धेश्वरी रडायला लागली. "यांना सांगू नका ना, आई. लग्नाला आले नाही म्हणून आधीच चिडलेत. कशालाच धड हात लावता येत नाही तुला, म्हणतील."

"नाही सांगत," काशम्मा म्हणाल्या. "रडू नको."

त्यांनी मासे कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले.

सकाळी महेश्वरला रिकामी टाकी दिसली. तो भडकला. माशांच्या दुकानदारानं पाण्यात घालायचं औषध खराब दिलं असणार, त्याला सोडत नाही, म्हणाला. आई नको म्हणत असताना दोघींना गाडीत घालून तो दुकानात गेला.

दुकानदार जब्बारभाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि काशम्मांकडे वळून विचारलं, "अम्मा, पाणी पूर्ण बदललं का? नळाचं, ताजं?"

सिद्धेश्वरी काचेपलीकडचे मासे बघत होती.

"व्हय," काशम्मा म्हणाल्या. "मीच बदललं."

"तुम्ही?" जब्बारभाईंचा विश्वास बसेना. "तुम्ही तर माझ्या गिऱ्हाइकांना शिकवता, अम्मा."

"चुकलं. लक्षात राहिलं नाही."

परतताना गाडीत महेश्वर म्हणाला, "हेच मी सांगतोय, आई. सहा वर्षं करतेस ते काम तू विसरलीस. उद्या गॅस चालू ठेवून झोपशील. आता एकटीनं राहायचं नाही."

काशम्मांनी मागे बसलेल्या सिद्धेश्वरीकडे वळून पाहिलं. नजरेला नजर भिडली. सुनेनं आता तरी बोलावं म्हणून त्या थांबल्या.

"हे बरोबरच बोलतायत, आई," सिद्धेश्वरी म्हणाली. "आम्हाला तिकडे सारखी काळजी लागते."

काशम्मा पुढे बघू लागल्या. "मी येणार नाही," एवढंच त्यांनी पायरी चढताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं गेली. सिद्धेश्वरी वाकून पाया पडली, तेव्हा काशम्मांचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला नाही.

आठवड्यानं अक्कलकोटहून धाकट्या बहिणीचा, शिवबाईचा फोन आला.

"अक्का, तुला हल्ली काही आठवत नाही म्हणे? महेश्वर सांगत होता. मासे मारलेस म्हणे. डॉक्टरला दाखवूया म्हणत होता."

मग काशम्मांनी सगळं सांगितलं. लग्न, नळ, ड्रम, सुनेचं रडणं, दुकान. एकही गोष्ट सोडली नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला.

शिवबाई हळू, लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली, "व्हय अक्का, व्हय. तू म्हणतीस तसंच असंल. पण त्या पोरीवर कशाला घालतीस? गोळ्या वेळेवर घेतीस न्हवं?"

काशम्मांनी फोन ठेवला. हिला खरं वाटलं नाही, तर आता कुणालाच वाटणार नाही, हे त्यांना कळून चुकलं.