दोन किल्ल्या, एकच दोरा

या, मित्रांनो, अंमळ जवळ सरकून बसा. कीर्तनाला मांडीला मांडी लावून बसतात, तसे बसा. माझी गोष्ट मोठी नाही. पण ती सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. पितळेच्या अंगावर काटा कसला, म्हणाल. ऐका तर खरं.

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. जन्म अलीगढचा, पण आयुष्य गेलं वऱ्हाडात. तेल्हाऱ्याच्या बाजारातून पुंजाजींनी मला विकत घेतलं, ते त्यांच्या भजनी मंडळाच्या हार्मोनियमच्या पेटीसाठी. काय सुखाचे दिवस होते ते! समोर खंजिरी घुमायची, बुवा निरूपणात रंगले की अख्खा पार मुका व्हायचा, आणि मी पेटीच्या कडीला लटकून नामात न्हायचो. एकदा चोरांनी मला पहारीने ठोकून पाहिलं. मी हललो नाही. दुसऱ्या दिवशी बुवा भर कीर्तनात म्हणाले, "निष्ठा असावी तर या कुलपासारखी!" मी फुगलो, मित्रांनो. खोटं कशाला बोलू?

पुंजाजींचा एक नेम होता. माझ्या दोन्ही किल्ल्या एकाच काळ्या दोऱ्यात, आणि तो दोरा त्यांच्या गळ्यात, तुळशीच्या माळेशेजारी. देवाच्या पेटीची किल्ली दुसऱ्या हाती जायची नाही. त्यांची लेक दामिनी संसार मांडायला अकोल्याला निघाली, तेव्हा नव्या घराला भक्कम कुलूप हवं म्हणून त्यांनी मला पेटीवरून काढलं आणि दोऱ्यासकट तिच्या ओंजळीत ठेवलं. "नेम मोडू नोको, माय," एवढंच म्हणाले.

दामिनीचा नवरा श्याम ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. ती स्वतः डाळमिलमध्ये, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. त्यांची आरती, म्हणजे आरू, अडीच वर्षांची. दामिनी तिला कडेवर घेऊन पाळणाघरात गेली. तिथल्या बाई गोड बोलल्या, पण फी तिच्या अर्ध्या पगाराएवढी, प्रवेशाचे आणखी वेगळे. अंगणवाडीतल्या ताई म्हणाल्या, "तीन वर्षं भरू दे, मग आण. अन् दुपारीच न्याले येजो." शेजारच्या पार्बताबाईंकडे ठेवून पाहिली, तर दुसऱ्याच दिवशी पोर मोठ्या रस्त्यावर पळाली. म्हातारीच्या गुडघ्यांना धावणं कुठलं! एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला, म्हणून वाचली.

दुसऱ्या सकाळी दामिनीने मला बाहेरून दाराला लावलं. आत आरू होती.

"मावशे, अधूनमधून हाक देजो वं," पदराने डोळे पुसत ती म्हणाली.

"जाय तू. मी हावो न दाराशी," पार्बताबाई म्हणाल्या.

एक किल्ली त्यांना द्यावी, हे दामिनीच्या मनातही आलं नाही. बाबांचा नेम! दोन्ही किल्ल्या गळ्यात घालून ती मिलला गेली.

तेव्हापासून मला भीती ठाऊक झाली. पेटीत सूर होते, आणि सूर रडत नाहीत. आता माझ्यामागे एक जीव होता. आरूच्या पायांत घुंगरांचे पैंजण होते. छुमछुम ऐकू आली की मी निवायचो. थांबली की मनात येई, शेगडीजवळ गेली का? तोंडात काही घातलं का? सहा वाजेपर्यंत रोज हेच.

एप्रिलातली दुपार होती. डोक्यावर पत्रे. अकोल्याचं ऊन तुम्हाला काय सांगू! लाइन गेली, पंखा थांबला. हात लावला तर चटका बसेल इतका मी तापलो. आरू दाराशी आली. "आई, उघल," म्हणाली. दोनदा म्हणाली. मग पैंजण वाजलेच नाहीत.

"आरू! वं आरू! बोल न माय!" पार्बताबाईंनी दार बडवलं. गल्लीतला देवीदास धावत आला.

"किल्ली कुठी आहे?"

"तिच्या गळ्यात! दोनीच्या दोनी!"

देवीदासने पार्बताबाईंचा वरवंटा उचलला आणि माझ्यावर घाव घालू लागला. "तिजोरीचं कुलूप आहे का हे? तुटत काहून नाही?"

मित्रांनो, जन्मभर माझं कौतुक झालं ते न तुटण्याचं. त्या दुपारी मी पहिल्यांदा म्हणालो, पांडुरंगा, मोड मला. नको ही निष्ठा. घावामागून घाव पडत राहिले, आणि शेवटी माझी कडी निखळली.

आरू माठाच्या तिवईखाली पडली होती. लालभडक, मलूल. माठापर्यंत तिचा हात पोहोचला नव्हता. पार्बताबाईंनी अख्खा माठ तिच्या अंगावर रिता केला. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक पैंजण हलला. छुम.

दवाखान्यात सलाईन लावली, पोर वाचली. दामिनी धापा टाकत आली, तशा पार्बताबाई कडाडल्या, "किल्ल्या गळ्यात घालून फिरून राहिली वं तू! हे पेटी आहे का पोरगी?" दामिनीने तो दोरा गळ्यातून तोडला.

आता पार्बताबाई आपली बाज उघड्या दारात आडवी टाकून तिच्यावर बसतात, आणि आरू आत खेळते. मी मोडकी कडी घेऊन खिळ्याला लटकलो आहे. पण कोनाड्यात एक नवं कुलूप कागदात गुंडाळून ठेवलेलं आहे. अंगणवाडीसाठी आरूची तीन वर्षं भरायला अजून चार महिने आहेत. पार्बताबाई खोकल्या की दामिनीची नजर त्या कागदाकडे जाते, आणि माझीही.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, दाराला कुलूप दिसलं म्हणजे घरात कोणी नाही, असं धरून चालू नका. क्षणभर थांबा, कान द्या, एक हाक मारा. आणि संध्याकाळी देवापुढे उभे राहाल, तेव्हा दाराशी येऊन दोनदा "आई, उघल" म्हणालेल्या आमच्या आरूची आठवण ठेवा.