रिकिबीचा पट्टा

मी एक जुना शिवणघोडा आहे. मला शेपूट नाही, आयाळ नाही, आणि जन्मात मी एक पाऊल चाललेलो नाही. चार पायांचं बाक, त्याच्या टोकाला उभे दोन लाकडी जबडे आणि खाली पायानं दाबायची एक फळी. फळी दाबली की जबडे मिटतात आणि चामडं घट्ट धरून ठेवतात. शिवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. मित्रांनो, एवढंच माझं काम. पण एका हिवाळ्यात एका माणसाचा जीव माझ्या जबड्यात होता, आणि तोंड असून मला बोलता येत नव्हतं.

मोंटानातल्या बिग होल खोऱ्यात आयनर हॉगननं मला मेपलच्या लाकडातून घडवलं. जबड्यांना आतून त्यानं मऊ चामड्याचं अस्तर लावलं, नाहीतर लाकडाचे वळ कामावर उठतात. पुढे त्याचा मुलगा आर्लो दर पानगळीत माझ्यावर बसायचा. गाडीच्या घोड्यांचा सगळा साज तपासायचा, उसवलेलं शिवायचा, तेल द्यायचा. हॉगनांचा साज तुटत नाही, असं खोऱ्यात म्हणत. मी मनातून फुगायचो.

मग ट्रॅक्टर आला. साज तबेल्यातल्या खुंटीवर गेला आणि मी अडगळीत. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, मांजरीनं पिल्लं घातली. त्याचं मला दुःख नाही. मला राग आहे तो त्या साजापायी. चामडं म्हणजे शेवटी कातडीच. तिला तेल लागतं. पण वर्षानुवर्षं कुणी त्या पट्ट्यांना बोट लावलं नाही. ट्रॅक्टर आहे ना, म्हणे.

आर्लोचा मुलगा गॉर्डी लग्न करून ट्वायलाला घेऊन आला, आणि तिनं मला अडगळीतून ओढून काढलं. पुसलं, स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवलं. मोबाइलवर बघून बघून ती चामड्याचं काम शिकली. पाकिटं, किल्ल्यांना अडकवायचे तुकडे, पट्टे, आणि सगळ्यांवर ठोकून उठवलेली जंगली गुलाबाची फुलं. हात चांगला होता तिचा.

"फुलं झकास आहेत पोरी," आर्लो म्हणायचा. "गाईंना चालतील का विचार."

"गाईंना कशाला, तुमच्याच सूपमध्ये घालते," ती म्हणायची.

हौशी माणसांनो, तुम्हाला गोड वाटणार नाही, पण ऐका. चामड्यात पाठीचा भाग सगळ्यात मोलाचा. कण्याच्या दोन्ही अंगांचं चामडं घट्ट असतं, ताणत नाही. पोटाचं चामडं ढिलं, ओढलं की लांबतं. ट्वायलानं पाठीचं होतं नव्हतं ते सगळं पाकिटांत घालवलं. पाकिटावर कसला भार येतो? तिच्याकडे उरलं ते नुसतं पोट.

आर्लोचं खुब्याचं हाड मोडलं होतं. काठी घेऊन चालायचा, हात थरथरायचे. पण दाराजवळच्या खुंटीवर त्याचं खोगीर टांगलेलं असायचं आणि दर रविवारी तो त्याला तेल चोळायचा. थोडंसं तेल, फडक्यानं, मुरेपर्यंत. मे महिन्यात घोड्यावर चढणार, असं तो सांगायचा आणि घरातले माना डोलवायचे. त्या खोगिराला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. या खोऱ्यात दुसऱ्याच्या खोगिराला कुणीच हात लावत नाही.

त्या हिवाळ्यात पारा उणे चाळीसवर गेला. ट्रॅक्टरच्या टाकीतलं डिझेल गोठून मेणासारखं झालं. रस्ता बर्फाखाली गेला, शेजारी येईना. गाई ओढ्यापलीकडच्या कुरणात आदल्या सकाळपासून उपाशी, आणि त्यांतल्या कित्येक गाभण. अशा थंडीत गाय पोटातल्या चाऱ्यावरच ऊब धरते. भुकेली बसली की परत उठत नाही. गॉर्डीनं टॅन्सी आणि ओपल या दोन दांडग्या घोड्यांना गवताच्या, बर्फावरून ओढायच्या घसरगाडीला जुंपायचं ठरवलं आणि तबेल्यातल्या खुंटीवरचा साज काढला. टॅन्सीच्या गळ्यातल्या गादीवर दोन वाकडे लोखंडी दांडे बसतात. त्यांना खालून बांधणारा पट्टा त्यानं ओढला आणि तो वाळक्या सालीसारखा तुटला.

तो पट्टा वीतभराचा असला तरी ओढ्याच्या उतारावर भरली गाडी घोड्या त्याच्याच जोरावर थोपवून धरतात. तिथे तो सुटला की गाडी घोड्यांच्या टाचांवर, आणि गाडीतल्या गवतावर उभा असलेला माणूस गाडीखाली.

ट्वायला माझ्यावर बसली. पोटाच्या चामड्यातून तिनं पट्टा कापला. बकलाजवळ दुमडता यावा म्हणून भिजवला, आणि घाईघाईनं चुलीवर वाळत धरला. ओलं चामडं विस्तवाजवळ धरायचं नसतं. ते शेकतं, आतून बिस्किटासारखं होतं. तिला हे माहीत होतं. तिच्यासारख्याच इतर शिकणाऱ्यांना फोनवर तिनंच बजावलं होतं. पण बाहेर गाई हंबरत होत्या.

तिनं तो पट्टा माझ्या जबड्यात दिला. भोक पाडायच्या आरीच्या प्रत्येक टोचणीला आत काहीतरी तडकत होतं, आणि ते मला कळत होतं, तिला नाही. मी ओरडलो. लाकूड कसं ओरडणार? माझं बिजागर कर्रकन वाजलं. तिनं त्याला मेण लावलं आणि पुढचा टाका घातला.

गॉर्डी आत आला. दाढीत बर्फ होतं. झालं का विचारलं. तिनं झालं म्हणून पट्टा त्याच्या हातात दिला. तो वळला, दाराशी गेला, आणि ती म्हणाली, "दे इकडे."

पट्ट्यात पाय घालून तिनं दोन्ही हातांनी ओढला. बकलाजवळचा दुमडलेला भाग कटकन तुटून पडला.  मग गॉर्डी म्हणाला की तो दोरी बांधून जातो. दोरी उतारावर ढिली पडणार, हे खुर्चीतल्या आर्लोसकट तिघांनाही ठाऊक होतं, आणि तो जाणार हेही. तो दोरी शोधायला गेला.

ट्वायला उठली आणि तिनं खुंटीवरून खोगीर खाली घेतलं. पाय ठेवायच्या रिकिबीचा पट्टा रुंद होता, पाठीच्या चामड्याचा, हाताला लोण्यासारखा. सगळ्या घरात तेल मिळालेलं तेवढंच एक चामडं होतं.

"त्याला हात लावू नकोस," आर्लो खुर्चीतून म्हणाला.

"माझ्याकडे दुसरं काही नाही, आर्लो."

"मे महिन्यात लागणार आहे मला ते."

"तुम्ही मे महिन्यात चढणार नाही. कुठल्याच महिन्यात चढणार नाही."

त्या घरात हे आजवर कुणी तोंडातून काढलं नव्हतं. आर्लो तिच्याकडे बघत राहिला. ती थांबली नाही. पट्टा सोडवून कापायच्या फळीवर पसरला, चामडं कापायची रापी उचलली आणि नुसत्या नजरेच्या अंदाजानं तिचं टोक पट्ट्यावर टेकवलं.

 मग आर्लो म्हणाला, "वाकडं कापशील. पट्टी धर."

तिनं मापाची पट्टी चामड्यावर धरली. रापी एकदाच, न थांबता ओढली. तो खुर्ची घासत माझ्यापाशी आला आणि आपला धड पाय त्यानं माझ्या फळीवर ठेवला. त्याचे हात गेले होते, पण त्या पायात अजून जोर होता. माझे जबडे असे मिटले, जसे कित्येक वर्षांत मिटले नव्हते.

दुमडायचं टोक तिनं तासून पातळ केलं, पण भार पडतो तिथे रापी लावली नाही. दोऱ्याला मेण चोळलं. एक दोरा, दोन्ही टोकांना एकेक सुई, दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर. असा टाका घातला तर एक बाजू तुटली तरी दुसरी धरून ठेवते. आरी प्रत्येक वेळी सारखीच तिरकी. बोटं फाटली, दोरा लाल झाला. बकलाची भोकं तिनं गोल पाडली, कारण चिरेला फाटत जायची खोड असते. कडा घासायला वेळ नव्हता. पट्टा दिसायला भिकार होता.

तिनं त्यात पाय घालून सगळा जीव लावून ओढला. तो हलला नाही.

"आता दुसऱ्या रिकिबीचा पट्टाही काप," आर्लो म्हणाला.

"एकच तुटलाय."

"ओपलचा पट्टा काय काल केलाय? तोही त्याच खुंटीवर वाळला. आणि एका रिकिबीचं खोगीर घेऊन मी काय करू, पोरी? काप."

तिनं कापला.

गॉर्डी गेला. गाडीच्या साखळ्यांचा आवाज दूर होत गेला आणि उताराच्या तोंडाशी ऐकू येईनासा झाला. ट्वायला माझ्यावर तशीच बसून होती. आर्लोनं फळीवरचा पाय काढला नाही. माझ्या जबड्यांत काहीच नव्हतं, तरी तो दाबून होता. चुलीतलं लाकूड संपलं, तरी कुणी उठलं नाही.

उन्हं उतरताना गॉर्डी रिकामी गाडी घेऊन परत आला. काही गाई उठल्याच नाहीत, असं त्यानं सांगितलं. बाकीच्या खात होत्या. पट्ट्यांबद्दल तो काही बोलला नाही. ट्वायलानं त्याचे बूट काढले, आणि तेव्हा कुठे आर्लोनं पाय उचलला.

मित्रांनो, फुलं काढा. मला फुलांचा राग नाही. पण तुमच्या घरात भार पेलणारं जे काही असेल, पट्टा असो, दोर असो, नाहीतर माणूस, त्याच्याकडे आधी बघा. तुटल्यावर नको, आत्ता बघा. भिजलं तर सावलीत वाळवा. तेल थोडं द्या, पण देत राहा. आणि घरात जे सगळ्यांना ठाऊक आहे, ते कुणाचा जीव टांगणीला लागायच्या आधी बोला.

मे महिना आला आणि गेला. आता दर रविवारी तबेल्यातला साज आत येतो आणि आर्लो माझ्यावर बसून एकेक पट्टा चोळतो. बाटली त्याच्या हातात थरथरते, निम्मं तेल माझ्या अंगावर सांडतं. ट्वायला बघते, पण बाटली त्याच्या हातातून घेत नाही.

सांडू दे.