सतरा नंबरची मीच

मित्रांनो, मी एक जुनी, लाल, शर्यतीची गाडी आहे. निदान मी तसं म्हणते. भिंगं आणि वह्या घेऊन येणारी माणसं मात्र म्हणतात, "सिद्ध करा." आता स्वतःचा जन्म कुणी सिद्ध करायचा असतो का?

इटलीतल्या मोदेना शहराजवळच्या एका छोट्या कारखान्यात वाल्फ्रिदो नावाच्या कारागिराने मला घडवलं. झाडाच्या ओंडक्यावर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोडीने ठोकायचा, एवढीच त्याची रीत. माप सगळं डोळ्यांत. म्हणून माझं डावं मडगार्ड उजव्यापेक्षा बोटभर फुगीर झालं. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. मी डोंगरातल्या शर्यतींत सुसाट पळायचे आणि वळणावर उभे असलेले लोक टोप्या उडवायचे. पुढे कारखाना बंद पडला आणि मी भंगारात निघाले, तेव्हा वाल्फ्रिदोनेच मला घरी आणलं. तो गेल्यावर त्याच्या मुलीने, झेलिंदाने, मला कोठारात जपलं. कोंबड्या माझ्या आसनावर अंडी घालायच्या. तेच दिवस बरे होते.

मग इवानो आला. गावातला मेकॅनिक, मनाने सोन्यासारखा, पण नको तितका नीटनेटका. झेलिंदाने त्याला सांगितलं होतं की गाडी चालती कर. याने माझी नवी नवरीच करून टाकली. डावं मडगार्ड काढून उजव्यासारखं नवं बसवलं, चासीतली, म्हणजे माझ्या सांगाड्यातली, बोल्टांची जुनी भोकं बुजवली. कारखान्याने चासीवर ठोकलेला माझा नंबर, तो गंजका सतराचा आकडा, घासला आणि पट्टी लावून सरळ ठोकला. वर स्वतःच लाम्ब्रुस्को वाइनचा पेला उंचावला! मला ओरडता आलं असतं तर!

गेल्या वसंतात दूरच्या देशातल्या एका गाडीने सतरा नंबरवर हक्क सांगितला. दोघींतली एकच खरी ठरणार होती, दुसरी 'नक्कल' म्हणून नोंदली जाणार होती. तपासनीस बोनदिओली माझ्याभोवती दोन तास फिरले.

"आकडा फार सरळ आहे, बाई. त्या कारखान्यात काहीच सरळ होत नव्हतं."

"माझ्या बापाने घडवलीय ती!" झेलिंदा म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात. आणि मडगार्डंही दोन्ही सारखी. मला तर नक्कल दिसते."

झेलिंदा इवानोवर उखडली. "मेल्या, तिचा वाकडेपणा काढायला कुणी सांगितलं होतं तुला? माझ्या बापाला पुसून टाकलंस!"

"मावशी, मी तर चांगलंच करायला गेलो..."

"चांगलं! जुनं मडगार्ड कुठाय, ठाऊक आहे? कोंबड्यांच्या डोक्यावर!"

तिने खुराड्याचं छप्परच उपसून आणलं. बोनदिओलींनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "हे अस्सल आहे. पण याच गाडीचं कशावरून?"

घ्या! खुराड्याचं छप्पर अस्सल आणि मी तोतयी! माझा नुसता संताप संताप झाला.

तेव्हा इवानो खाली मान घालून पुटपुटला, "दिव्यामागची दोन भोकं... तिथे हात पोचत नव्हता. कुणाला दिसतंय म्हणून मी ती तशीच सोडली."

नवं मडगार्ड उतरवलं, जुनं लावून धरलं. वाल्फ्रिदो पत्रा आणि चासी एकत्र धरून एकदमच भोक पाडायचा. त्यातल्या एका भोकाला त्याचा हात निसटला होता. ते भोक तिरकं होतं, मडगार्डातही आणि माझ्यातही. बोल्ट त्या तिरक्या वाटेने सरळ आरपार गेला. बोनदिओलींनी भिंग खिशात घातलं आणि वहीत लिहिलं: सतरा, अस्सल. झेलिंदा पदर नसलेल्या बाया पुसतात तशी, मनगटाने डोळे पुसत होती.

इवानोच्या साऱ्या मेहनतीने माझं नाव पुसलं होतं, ते त्याच्या एका आळसाने राखलं. मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, पावसापासून जपा. पण त्यांचं वाकडं सरळ करायला जाऊ नका. त्या वाकड्यातच कुणाचा तरी हात असतो.

जुनं मडगार्ड आता पुन्हा माझ्या अंगावर आहे. त्यावर कोंबड्यांची शीट अजून तशीच आहे. काल इवानो फडकं घेऊन आला होता; झेलिंदाने त्याला दारातूनच परत पाठवलं.